राइड जागेला शोभते का? वादात उतरण्याआधी

एपकॉट या फ्लोरिडातल्या डिस्नी पार्कच्या नॉर्वे विभागात ‘फ्रोझन’ सिनेमाची राइड कशाला, यावर तू तावातावाने लिहिलंयस. आवडलं! फक्त सुरुवातीला दोन-तीन गोष्टी सांभाळ.

१. त्या भागात मुळात काय दाखवायचं ठरलं होतं, ते आधी बघ. वर्ल्ड शोकेस, म्हणजे एपकॉटचा देशोदेशींचा भाग; त्यातले 11 देश खरे आहेत. नॉर्वेतली 1988 ची मेलस्ट्रॉम ही राइड 2014 मध्ये बंद झाली आणि 2016 मध्ये तिथे ‘फ्रोझन’मधलं एरेंडेल राज्य आलं, जे नकाशावर नाहीच. भांडण याचं आहे, गाणी आवडतात की नाही याचं नाही. नवखे नेमके इथेच घसरतात.

२. राइडमधून उतर आणि लांबून बघ. फ्लोरिडातला टॉवर ऑफ टेरर, ही उंच इमारतीतली राइड, डिस्नीच्या दुसऱ्याच पार्कात आहे, पण एपकॉटच्या तळ्याकाठून मोरोक्को विभागाच्या मागे डोकावतो. म्हणून त्याचा रंग आणि माथा मोरोक्कोच्या इमारतींशी जुळवून घेतलाय. मला हे तिसऱ्या फेरीत दिसलं, तेही आइस्क्रीम खाताना.

३. ‘जुनं तेच बरं’ हा मुद्दा होत नाही. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडची मॅटरहॉर्न राइड 1959 ची. स्वित्झर्लंडचा डोंगर, आणि सुरुवातीला धरला जायचा टुमॉरोलँडमध्ये, म्हणजे भविष्यकाळ दाखवणाऱ्या भागात!

रांगेतलं संगीत, पायाखालच्या फरशा वगैरे पुढे बघू. आधी नॉर्वेतल्या त्या लाकडी चर्चसमोर दहा मिनिटं उभा राहा.