मानेत सुई, डोकेदुखीला आराम?

प्रश्न : मी ३८ वर्षांची, घरीच शिवणकाम करते. दुपारनंतर उजवीकडची मान धरते आणि कळ कानामागून कानशिलापर्यंत चढते. डोळे तपासले, बीपी ठीक आहे. फिजिओथेरपिस्ट मानेच्या स्नायूंत ड्राय नीडलिंग करूया म्हणतात. मानेत सुई म्हटल्यावर भीती वाटते. करून घेऊ का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमच्या वर्णनावरून दुखण्याचे मूळ मानेत असावे असे वाटते. मानेतल्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस यांचे संदेश मेंदूच्या देठाजवळ एकाच केंद्रात पोचतात. म्हणून बिघाड मानेत असला तरी दुखते कानशिलात. खांदे उचलून, मान वाकवून काम करणाऱ्यांच्या ट्रॅपीझियस स्नायूत, म्हणजे मान आणि खांद्यामधल्या मांसल कडेत, ताणलेल्या सुतळीसारखा पट्टा हाताला लागतो. त्यातली सर्वांत दुखरी जागा म्हणजे ट्रिगर पॉइंट. ती दाबल्यावर तुमची नेहमीचीच डोकेदुखी उठते का, हे आधी पाहायला सांगा. उठत नसेल तर तिथे सुई घालण्यात अर्थ नाही.

ही सुई भरीव असते आणि तिच्यातून कुठलेच औषध जात नाही. जाडी साधारण ०.२५ ते ०.३० मिमी, म्हणजे नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईहून खूपच बारीक. आराम औषधामुळे नव्हे, तर सुई नेमक्या जागी लागल्यामुळे पडतो, असे चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ साली मांडले होते.

रुग्णाला झोपवूनच सुई घालावी. बसवून घातली तर घेरी येऊन पडण्याची भीती असते. त्वचा पुसून स्नायू चिमटीत वर उचलतात आणि सुई त्या चिमटीतच राहील अशी घालतात. सुई ट्रिगर पॉइंटमध्ये थोडी मागेपुढे केली की स्नायू क्षणभर फडफडतो. त्याला घाबरू नका. नंतर एक-दोन दिवस ठणका राहतो. गरम शेक आणि हलकी हालचाल पुरते.

चिमटीचा आग्रह धरायलाच हवा, कारण या स्नायूखाली फुप्फुसाचे टोक असते. सरळ खाली घातलेली सुई तिथे पोचली तर फुप्फुसाभोवती हवा साठते. सुईनंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी छातीत कळ, धाप किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर १०८ ला फोन करा आणि इस्पितळात सुईबद्दल आधी सांगा. कवटीच्या लगेच खालच्या स्नायूंजवळ मेंदूकडे जाणारी धमनी आणि मज्जारज्जू आहे. तिथली खोल सुई पहिल्या वेळी नकोच म्हणा. थेरपिस्टने या तंत्राचे वेगळे प्रशिक्षण घेतले आहे का, सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढली जाते का, हे विचारायला संकोच करू नका.

तर करून घ्या, पण एकट्या सुईवर विसंबू नका. आराम बहुधा काही आठवड्यांचा असतो. आठवड्याला एक अशा तीन-चार वेळांत फरक पडला नाही तर थांबा. रोज हनुवटी सरळ मागे ओढून १० सेकंद धरा, असे १० वेळा. मशीनच्या मागच्या बाजूला पाचर लावून ते किंचित तुमच्याकडे कलते करा. सुईखालचे कापड पाहायला मान कमी वाकते. आणि महिन्यात १५ किंवा जास्त दिवस वेदनाशामक गोळी घेत असाल तर तसे डॉक्टरांना सांगा, त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहू शकते.

प्रश्न : वय ६६. हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी चालू आहे. महिन्याभरापासून डोके दुखते. मलाही ही सुई चालेल का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : नको. मानेत खोलवर रक्त साकळले तर ते बाहेरून दाबून थांबवता येत नाही. पण सुईसाठी वॉर्फरिन स्वतःहून बंदही करू नका, झडपेवर गुठळी धरेल. तुमच्या वयात नव्याने सुरू झालेली डोकेदुखी मानेची आहे असे गृहीत धरू नये. या गोळीवर असताना डोक्याला लागलेला साधा मारही मेंदूभोवती रक्तस्राव करू शकतो. कानशिलाला हात लावताच दुखत असेल किंवा चावताना जबडा भरून येत असेल, तर रक्तवाहिनीची सूज असू शकते. तिच्यावर उशीर झाला तर दृष्टी जाते. उद्यावर न टाकता आजच बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) दाखवा. आयएनआरचे (रक्त गोठण्याच्या तपासणीचे) कागद आणि गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या.