मराठी मजकूर नीट दिसावा म्हणून एचटीएमएल किती शिकावं लागतं?

तुम्ही विचारलंय की खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावच्या लक्ष्मी यात्रेची माहिती मोबाईलवर छान ओळी पाडून लिहिता, पण ऑनलाइन टाकली की सगळं एकाला एक चिकटून येतं. आणि एवढ्यासाठी अख्खं एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची मांडणी खुणांनी सांगायची भाषा, शिकायचं काय?

नको. माझं बेळगावात डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, मंडळांची पत्रकं, मराठी आणि कन्नड दोन्ही. आता तीच पत्रकं लोक ऑनलाइन टाकायलाही घेऊन येतात, आणि दहाएक टॅगांत, म्हणजे खुणांत, माझं भागतं.

आधी ओळींचं बघू. ब्राउझर तुमचा एंटर जुमानत नाही. एकदा दाबा नाहीतर दहादा, तो सगळ्याची मिळून एकच मोकळी जागा धरतो. म्हणून ओळ कुठे तुटते ते खुणेनं सांगावं लागतं, आणि ती खूण म्हणजे टॅग. खाली मी टॅगांची नावं देवनागरीत लिहितोय, कारण खरा टॅग लिहिला की ब्राउझर तो पाळून मोकळा होतो, दाखवत नाही. तुम्ही टाइप करताना इंग्रजी कीबोर्डवरची लहान अक्षरं घ्या; देवनागरी नावाचा टॅग त्याला कळत नाही.

परिच्छेदाच्या सुरुवातीला <पी>, शेवटी </पी>. नुसती ओळ मोडायची तर <बीआर>, त्याला बंद करणारा जोडीदार नाही. ओटी भरणे, कुस्ती मैदान, महाप्रसाद असे कार्यक्रम ओळीनं द्यायचे असतील तर <बीआर> लावत बसू नका. बाहेरून <यूएल> आणि प्रत्येक कार्यक्रमाला <एलआय> द्या, ठिपके आपोआप येतात. <यूएल>च्या जागी <ओएल> दिलं की आकडे येतात. मथळ्याला <एच२>. पण अक्षर मोठं दिसावं एवढ्यासाठी मथळ्याचा टॅग लावू नका, त्याचं कारण पुढे येतंय.

ठळक करायला <बी>, आणि शब्द खरोखर महत्त्वाचा असेल तर <स्ट्राँग>. बंद करताना तिरकी रेघ विसरू नका. गेल्या वर्षी एका मंडळाच्या पत्रकात माझ्याकडूनच ती रेघ राहिली. देणगीदारांचं एक नाव ठळक करायचं होतं, त्याच्याखालची सगळी यादी ठळक झाली. दुसरं, टॅग शब्दाच्या पोटात घालू नका. ‘कि’मधला क आणि वेलांटी यांच्यामध्ये टॅग आला तर वेलांटी बऱ्याचदा सुटून ठिपक्यांच्या गोलाला जाऊन चिकटते. अख्खा शब्द घ्या.

आता तिरप्या अक्षरांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. <आय> टॅग मराठीत वापरू नये. तिरपं अक्षर रोमन लिपीच्या छपाईतून आलेलं आहे. देवनागरीच्या बहुतेक फाँटांत खास घडवलेलं तिरपं वळण नसतंच, मग ब्राउझर उभं अक्षरच ढकलून वाकडं करतो. शिरोरेघेखाली ताठ उभे असलेले काने एका बाजूला कलतात आणि वाचणाऱ्याला ते जड जातं. पुस्तकाचं नाव असेल तर एकेरी अवतरणचिन्हं पुरेत. अधोरेखाचंही तसंच. ‘कुस्ती’तल्या उकाराला ती रेघ छेदते नाहीतर तिथे तुटते, शिवाय लोक दुवा समजून तिथे बोट दाबत राहतात.

आपल्या भागात सगळ्यात दुर्लक्षित आणि मला सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे भाषा सांगणं. परिच्छेदाच्या टॅगमध्येच <पी लँग="एमआर"> असं लिहा (लँग म्हणजे एल, ए, एन, जी; एमआर म्हणजे मराठी). काही फाँटांत हिंदी आणि मराठी वळणाची अक्षरं दोन्ही असतात. मराठी सांगितली की शाळेत गिरवलेला पाकळीचा ल आणि देठाचा श दिसतो. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयात हीच वळणं प्रमाण धरलेली आहेत. मध्येच पत्त्याची ओळ कन्नडमध्ये असेल तर ती <स्पॅन लँग="केएन"> आणि </स्पॅन> यांत घाला.

याचा उपयोग मला आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींमुळे कळला. त्यांना आता दिसत नाही, मोबाईल वाचून दाखवतो ते ऐकतात. भाषा लिहिलेली नसली की यंत्र कधी कधी मराठी मजकूर हिंदीच्या आवाजात ओढत नेतं. मी त्यांच्यासमोर एक पत्रक दुरुस्त केलं, भाषा घातली, मथळ्यांना खरे मथळ्याचे टॅग दिले. त्यांनी बोटानं या मथळ्यावरून त्या मथळ्यावर उड्या मारत थेट कुस्तीची वेळ गाठली आणि म्हणाले, “आता परत लावा बघू.” तेव्हापासून मी एकही पत्रक भाषा न लिहिता सोडत नाही. आणि मोठ्या अक्षरासाठी मथळा वापरू नका म्हणालो ते यासाठीच. तसं केलं तर गुरुजी भलत्याच ठिकाणी जाऊन पोचतात.

मुळात एचटीएमएल सुरू झालं तेच मजकुरात काय काय आहे ते सांगायला. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१मध्ये जी पहिली छोटी यादी मांडली, तिच्यात परिच्छेद, मथळा, यादी, दुवा हेच मुख्य होतं.

दुवा द्यायला <ए एचरेफ="पत्ता">, मग दिसायचे शब्द, मग </ए>. एचरेफ म्हणजे एच, आर, ई, एफ ही चार अक्षरं. इथे अवतरणचिन्हं सरळ हवीत. वर्डमध्ये लिहिलंत तर ती वळणदार होतात आणि दुवा तुटतो. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूरही तसाच चिकटवू नका. तिथे आतून इंग्रजी अक्षरंच असतात, समोरच्याला नुसता गिचमिडा दिसतो. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर टाइप करता तशा खऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घ्या.

सुरुवातीला कॉम्प्युटरवर नोटपॅड उघडून तिथे लिहा, फाइलच्या नावाशेवटी टिंब देऊन इंग्रजीत एचटीएमएल लावा, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि ती ब्राउझरमध्ये उघडून बघा. कुठे अडलं तर तो तुकडा इथेच टाका, मी बघून सांगतो. फक्त खऱ्या टॅगमधल्या उघडत्या कंसाऐवजी अँपरसँड, एल, टी आणि अर्धविराम ही चार चिन्हं एकाला एक लावून टाइप करा, म्हणजे टॅग मला दिसेल.