वाचकांचे प्रश्न : मुंबईच्या ओव्हल मैदानासमोरचे हायकोर्ट आणि तिथे गाजलेले खटले

प्रश्न : लोकमान्य टिळकांवर खटला चालला ती खोली अजून आहे का? आमच्यासारख्यांना पाहता येते का? (एक वाचक, रत्नागिरी)

आहे, आणि तिथे रोज कामकाजही चालते. मुख्य इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचे सेंट्रल कोर्ट, म्हणजे आजचे कोर्टरूम क्रमांक ४६, ती ही खोली. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होण्याआधी टिळक जे चार शब्द बोलले ते दाराबाहेरच्या पाटीवर कोरलेले आहेत. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांनी १९५६ साली या पाटीचे अनावरण केले. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्यानेच आरोपीचे शब्द आपल्या भिंतीवर लावले, म्हणून खोलीत शिरण्याआधी पाटीपाशी थांबून ती सावकाश वाचा.

न्यायालयाचे कामकाज खुले असते. सोबत फोटो असलेले ओळखपत्र ठेवा, फाटकावर झडती होईल. फोन बंद करा आणि आत फोटो काढू नका. न्यायमूर्ती बसलेले असतील तर मागच्या बाकावर गुपचूप बसायचे आणि निघताना युक्तिवाद मोडेल असे उठायचे नाही. लोक हमखास चुकतात ते तारखेत. मे महिन्याची, दिवाळीची आणि नाताळची सुटी पाहूनच निघा, नाहीतर रत्नागिरीहून येऊन बंद दार पाहावे लागेल.

प्रश्न : १९०८ च्या खटल्यात ज्युरीतले दोघे टिळकांच्या बाजूने होते. मग शिक्षा कशी झाली? ज्युरीत एकमत लागत नाही का? (एक वाचक, सोलापूर)

इंग्लंडात तेव्हा एकमत लागत असे, इथे लागत नव्हते. उच्च न्यायालयातल्या फौजदारी खटल्याला नऊ जणांची ज्युरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे सांगणारे नागरिकांचे मंडळ, असे. त्यांतले किमान सहा एका मताचे असले आणि न्यायाधीशांना ते मत मान्य असले की निकाल लागला. १९०८ साली ७ विरुद्ध २ असे मत पडले. १८९७ च्या राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात ते ६ विरुद्ध ३ होते, म्हणजे एक माणूस जरी इकडचा तिकडे झाला असता तरी आकडा भरला नसता.

आता ते नऊ जण कोण होते ते पाहा. १९०८ साली सात युरोपीय आणि दोन पारशी. सरकारने ‘विशेष ज्युरी’ मागितली होती. तिच्या यादीत युरोपियनांचाच भरणा असे. टिळकांच्या बाजूने हरकत घेतली गेली, ती फेटाळण्यात आली. लेख मात्र ‘केसरी’तले, अस्सल मराठी : १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. ज्युरीपुढे गेले ते त्यांचे सरकारी इंग्रजी भाषांतर. राजद्रोहाच्या कलमात सगळा प्रश्न लिहिणाऱ्याच्या हेतूचा असतो, आणि हेतू उतरतो शब्दाच्या छटेत. एखादा शब्द भाषांतरात दोन अंशांनी कडक झाला तरी आरोप उभा राहतो. म्हणूनच टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी स्वतः घेतली आणि शब्द न् शब्द चिवडला. ते एकूण २१ तास १० मिनिटे बोलले. त्यांतला मोठा भाग या भाषेच्या प्रश्नाचा आहे, आणि आमच्या मते खटल्याचा गाभा तोच आहे. ‘वीरश्रीचे भाषण’ म्हणून आपण त्याची आठवण काढतो, पण वाचायला घेतले की मराठी शब्दार्थावरचा तो एक काटेकोर युक्तिवाद आहे हे दिसते.

२२ जुलैला रात्री निकाल लागला. राजद्रोहाच्या दोन आरोपांवर तीन-तीन वर्षे काळे पाणी, एकापुढे एक, आणि तिसऱ्या आरोपावर १००० रुपये दंड. प्रत्यक्षात टिळकांना मंडालेच्या तुरुंगात ठेवले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस संप केला.

सावरकरांच्या खटल्याशी याची गल्लत करू नका. १९१० चा नाशिक कटाचा खटला याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे चालला, पण १९०८ च्या खास कायद्याखाली. तिथे ज्युरीही नव्हती आणि अपीलही नव्हते.

प्रश्न : न्या. दावर हे पूर्वी टिळकांचेच वकील होते, हे खरे का? (एक वाचक, पुणे)

खरे आहे. १९०८ चा खटला याच दावरांपुढे चालला. १८९७ साली दिनशा दावर यांनी टिळकांसाठी जामीन मागितला होता आणि न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो दिला. १९०८ साली बॅरिस्टर जिना यांनी टिळकांसाठी जामीन मागितला, तेव्हा न्यायासनावर दावर होते. त्यांनी तो नाकारला. याच जिनांनी १९१६ साली मात्र टिळकांना सोडवले. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने चांगल्या वर्तनाच्या हमीसाठी २०,००० रुपयांचा जातमुचलका मागितला होता, तो उच्च न्यायालयाने रद्द केला.

प्रश्न : नानावटी खटला याच इमारतीत झाला ना? आणि त्यानंतरच ज्युरी बंद झाली ना? (एक वाचक, डोंबिवली)

दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत. मुंबई शहरातले खुनाचे खटले पूर्वी थेट हायकोर्टाच्या सेशनमध्ये चालत. मलबार हिलवरचा १९२५ चा बावला खून खटला तसाच चालला. १९४८ नंतर शहराला स्वतंत्र सत्र न्यायालय मिळाले. त्यामुळे १९५९ साली नौदलाचे अधिकारी नानावटी यांच्यावरचा, पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा खटला आधी तिथे चालला. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी ‘दोषी नाही’ असे सांगितले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडले. हायकोर्टात खटला नव्याने चालला नाही. दोन न्यायमूर्तींनी पुरावा तपासून मार्च १९६० मध्ये जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

ज्युरी बंद करावी अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ सालीच केली होती. या खटल्याने तिला जोर आला, पण संहितेतून ज्युरी गेली ती १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. तिचा एक अवशेष मात्र हायकोर्टात टिकून राहिला. पारशी विवाहाच्या दाव्यांत समाजातले प्रतिनिधी न्यायाधीशांसोबत बसतात. पूर्वी ते सात असत, १९८८ च्या दुरुस्तीने पाच झाले.

प्रश्न : इमारत कोणी बांधली? माकडाचे शिल्प खरेच आहे का? (एक वाचक, नाशिक)

आराखडा लेफ्टनंट कर्नल जेम्स फुलर यांचा. काम एप्रिल १८७१ मध्ये सुरू झाले, नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले आणि जानेवारी १८७९ पासून न्यायालय इथे बसू लागले. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट. खर्च झाला १६,४४,५२८ रुपये. तो अंदाजपत्रकापेक्षा २,६६८ रुपयांनी कमी होता! माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. एक डोळा बांधून तराजू धरलेले माकडही आहे. दावा हरलेल्या कंत्राटदाराने ते सूड म्हणून कोरवले, ही मात्र दंतकथा समजावी.

प्रश्न : रखमाबाईंचा दावा नेमका काय होता? (एक वाचक, वडोदरा)

अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नव्हत्या. नवरा दादाजी भिकाजींनी ‘वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापने’चा, म्हणजे बायकोला नांदायला लावण्याचा, दावा लावला. १८८५ साली न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला : जे कधी स्थापन झालेच नाही त्याची पुनःस्थापना कशी करणार? १८८६ साली अपिलात तो निकाल फिरला. १८८७ साली न्या. फॅरन यांनी महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ साली २,००० रुपयांवर तडजोड झाली आणि त्या पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. ‘केसरी’ या वादात रखमाबाईंच्या विरोधात होता, हेही इथे सांगायला हवे.

प्रश्न : जुने निकाल मुळातून वाचायचे तर शोधायचे कसे? (विधी शाखेची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

खटल्याचा ‘पत्ता’ वाचायला शिका. रखमाबाई खटल्याचा पहिला निकाल ‘आयएलआर ९ बॉम ५२९’ : इंडियन लॉ रिपोर्ट्स, मुंबई मालिका, खंड ९, पान ५२९. अपील त्याच मालिकेत खंड १०, पान ३०१ वर. टिळकांचा १८९७ चा निकाल खंड २२, पान ११२ वर. १९०८ चा ‘१० बॉम एलआर ८४८’, पण ही मालिका वेगळी, बॉम्बे लॉ रिपोर्टर. या दोन मालिकांची अदलाबदल झाली की भलतेच पान उघडते. नानावटी : ‘एआयआर १९६२ एससी ६०५’, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, १९६२, सर्वोच्च न्यायालय, पान ६०५.

नावाने शोधताना ‘टिळक’पासून सुरुवात करू नका. पहिले नाव फिर्यादी सरकारचे असते. १८९७ साली गादीवर व्हिक्टोरिया असल्याने ‘क्वीन-एम्प्रेस विरुद्ध’, १९०८ साली ‘एम्परर विरुद्ध’. आणि खंडाचे साल छपाईचे असते, म्हणून १८९७ चा निकाल १८९८ च्या खंडात मिळेल.