हृदयाचा ठसा की ठोक्याची ठेवण?

फोंड्याच्या एका विज्ञानशिक्षिकेने विचारलं आहे: हृदयाच्या ठोक्यांवरून माणूस ओळखण्याच्या तंत्रावर शाळेच्या नियतकालिकासाठी लेख लिहिला. मथळ्यात 'हृदयाचा ठसा' घातलं होतं. मुख्याध्यापकांनी ते खोडून 'हृत्स्पंदनाधारित जैवमिती' केलं. बरोबर कोण?

बाई, सरांचा शब्द चूक नाही (जैवमिती म्हणजे बायोमेट्रिक्स, शरीराच्या खुणा मोजून माणूस ओळखणं), पण सातवीतलं पोर तो वाचून पान उलटेल. माझी खरी तक्रार मात्र 'स्पंदना'बद्दल आहे. स्पंदन काय किंवा ठोका काय, आपण ते मोजतो. आणि ओळखीसाठी मोजणी कुचकामी. मिनिटाला ७२ ठोके तुमचे असतील तसे माझेही असतील. पारोड्याचा चंद्रनाथाचा डोंगर चढून आलात की तुमचेच सव्वाशेच्या घरात जातील. यंत्र पाहतं तो ईसीजीच्या, म्हणजे हृदयातल्या विजेच्या आलेखाच्या, रेघेचा आकार: आधी पी नावाचा छोटा उंचवटा, मग क्यू-आर-एस हा टोकदार सुळका, मग टीचा पसरट उंचवटा. (ही अक्षरं डच शास्त्रज्ञ आइंटहोव्हेन यांनी दिलेली, ईसीजीच्याच कामासाठी त्यांना १९२४चं नोबेल मिळालं.) हृदयाचा आकार, छातीत ते कसं कललंय, छातीची बांधणी, यांनुसार ही रेघ माणसागणिक थोडी वेगळी उमटते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००१मध्ये वीस जणांवर हे करून दाखवलं होतं.

आता तुमचा 'ठसा'. कानाला गोड, पण ठसा उमटायला काहीतरी कशावर तरी दाबावं लागतं. खरेदीखतावर 'निशाणी डावा अंगठा' असते ती तशी. आपल्या गोव्यातली पोर्तुगीज शिकलेली जुनी माणसं बोटाच्या ठशाला 'इंप्रेसांव दिजिताल' म्हणतात. त्यातला 'दिजिताल' लॅटिनमधल्या बोटावरून आला. म्हणजे हल्ली आपण ऊठसूट 'डिजिटल' म्हणतो ते मुळात बोटाचंच! असो.

मला सुचतो तो शब्द 'ठेवण'. चेहऱ्याची ठेवण आपण म्हणतोच. हसलं, रडलं, गाल सुजला तरी ठेवण ओळखू येते, तसं ठोक्यांचा वेग वाढला तरी रेघेची ठेवण बरीचशी टिकते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ती बदलू शकते, हेही या शब्दात मावतं. 'हृद्विद्युत' वगैरे जोडायच्या फंदात मात्र पडू नका. २०१९मध्ये पेंटागॉनच्या, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या, एका यंत्राची बातमी आली होती. ते सुमारे २०० मीटरवरून, कपड्यांवरून, लेझरने ठोक्यांची थरथर टिपतं. तिथे वीज मोजतच नाहीत. 'ठोक्याची ठेवण' दोन्हीकडे चालते.

'काळीज' वापरू का, असंही तुम्ही विचारलंय. कोकणी घरात तोच शब्द जवळचा, हे कबूल. पण मराठीत काळीज फाटतं, काळजाला घरं पडतात, आणि खाटकाकडे त्याच कुळातली 'कलेजी' मागितली तर पदरात पडतं यकृत. शास्त्राच्या लेखात 'हृदय'च बरं.

एक दुरुस्ती मात्र मथळ्याहून महत्त्वाची. लेखात तुम्ही 'ओळखणे' आणि 'पडताळणे' एकाच अर्थाने वापरलेत. गर्दीतून 'हा कोण?' हे शोधणं म्हणजे ओळखणं. 'मी अमुक' असं कुणी सांगितल्यावर ते खरं की खोटं पाहणं म्हणजे पडताळणी. मनगटावरच्या पट्ट्याने मालकाच्याच ठोक्यांवर कुलूप उघडणं ही पडताळणी झाली, आणि ती पुष्कळ सोपी. कारण तिथे एकाच माणसाची रेघ जुळवायची असते. तुमच्या दुसऱ्या परिच्छेदात तीन ठिकाणी 'ओळखते' आहे, तिथे 'पडताळते' करा. मथळा 'ठोक्याच्या ठेवणीवरून ओळख' ठेवा, आणि सरांची 'जैवमिती' पहिल्या ओळीत एकदा येऊ द्या, म्हणजे तेही खोडणार नाहीत.