एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' आला, आता आईचं ऑपरेशन करावंच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत विड्या वळणाऱ्या तुमच्या आईची कंबर चार महिने दुखतेय, चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीला (डिस्कला) बल्ज, म्हणजे फुगवटा, निघालाय आणि 'गादी सरकली, ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही' असं जो तो सांगतोय. मी बेळगावात फिजिओथेरपी करते. असे रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असतो, कळ गुडघ्याखाली उतरते का? कंबरेतच राहत असेल तर सगळं खापर बल्जवर फोडू नका. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्यांहून जास्त जणांना कुठे ना कुठे बल्ज होताच.

गादी सरकत वगैरे नाही. ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते; बाहेर चिवट तंतूंचे थर, आत पाणीदार गर. तंतू फाटून गर नसेच्या मुळाला भिडला, तर कळ कुल्ल्यातून पोटरीत, पावलात जाते. तोच सायटिका. तिथेही बऱ्याच जणांचा तो गर शरीर हळूहळू शोषून घेतं आणि सहा ते बारा आठवड्यांत कळ ओसरते. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, त्यामुळे 'मज्जारज्जू दबून लकवा मारेल' ही भीती इथे लागू नाही. त्याखाली नसांचा जुडगा असतो; तो दबल्याची लक्षणं शेवटी सांगते.

आता बैठक बघा. मांडीवर सूप, मान खाली, पाठीला बाक, आणि मजुरी हजार विड्यांवर, म्हणून बाई उठतच नाही. पाठ भिंतीला टेकवा, सुपाखाली उशी घालून ते उंच करा, अर्ध्या तासाने उठून अंगणात एक फेरी. रोज चालणं हवंच, थोडं दुखलं तरी. अंथरुणाला खिळून राहिल्याने कंबर आणखी आखडते. पट्ट्यावर पैसे घालू नका. जुन्या कंबरदुखीत पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून ठेवणं) सरसकट देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ मध्ये सांगितलंय. आणि पाठ तुडवून घेणं तर नकोच.

ताप येत असेल किंवा वजन घटत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. पण लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर तेल चोळत बसू नका. त्याच रात्री न्यूरोसर्जन असलेल्या दवाखान्यात न्या. निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडेल.