ऑफिसात काय सांगू?

"ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, सर्जन म्हणाले कामावर जा. पण मॅडम, ऑफिसात काय सांगू?"

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून आलेल्या माणसाकडून हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी इतक्यांदा ऐकला आहे, की तो आला नाही तर मीच वाट बघते. कामावर कधी जायचं याचं उत्तर त्यांच्याकडे असतंच. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली असेल आणि काम बैठं असेल, तर बहुतेकांना 2 ते 4 आठवड्यांत जाता येतं. ओझी उचलायची असतील तर 4 ते 6 आठवडे थांबावं लागतं. डिस्चार्जच्या कागदावर हे सगळं असतं. 'काय सांगू' तेवढं नसतं, आणि रात्रीची झोप उडते ती त्यापायी.

एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात अठरा वर्षं काम करत होत्या. स्लीव्हची, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याची, शस्त्रक्रिया होऊन दहा दिवस झाले होते आणि पाच आठवड्यांची रजा संपली की रुजू व्हायचं होतं. त्या आल्या त्याच उत्तर ठरवून.

"हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगणार आहे. चालेल ना?"

"आज चालेल. सहा महिन्यांनी काय सांगाल?"

त्या गप्प झाल्या. या शस्त्रक्रियेनंतर वजन साधारण वर्ष-दीड वर्ष उतरत राहतं. म्हणजे जी गोष्ट रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडणार, तिच्यावर पांघरूण घालायला दर महिन्याला नवीन खोटं लागणार. तब्येत सांभाळायच्या दिवसांत हा जास्तीचा भार कशाला?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण याबाबतीत पुष्कळांचा गोंधळ होतो. आपल्या शरीराची माहिती आपली असते. ती सांगायला कुणी बांधील नाही. खाजगी ठेवणं वेगळं आणि लपवणं वेगळं. खाजगी ठेवणारा माणूस दार लोटून आत निवांत बसतो, लपवणारा दाराला पाठ लावून उभा राहतो. आम्ही दोघींनी मिळून एक वाक्य तयार केलं: "पोटाचं ऑपरेशन झालं, आता बरी आहे." खरं, छोटं आणि पुढचा प्रश्न न मागणारं. कुणी खोदून विचारलंच तर, "डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे, सगळं ठीक चाललंय." त्यानंतर विषय बदलायचा.

वाक्य सोपं होतं. पण म्हणून दाखवताना प्रत्येक वेळी 'पोटाचं' या शब्दापाशी त्यांचा आवाज खाली जायचा. तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "हे म्हणताना मनात दुसरं कुठलं वाक्य चालू असतं?"

"की मी शॉर्टकट मारला. लोक घाम गाळून वजन कमी करतात, मी कापून घेतलं."

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली समुपदेशक आहे. लोक काय म्हणतात यापेक्षा माणूस मनात स्वतःला काय ऐकवतो, याकडे माझे कान लागलेले असतात. त्यामुळे हे वाक्य बाहेर पडलं तेव्हा मला वाटलं, सापडलं! आणि मी समजावायला लागले. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढतात. त्याच्या वरच्या भागात भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं, म्हणून भुकेची धारही कमी होते. नुसतं खाणं कमी केलं तर शरीर उलट वागतं. भूक वाढवतं, ऊर्जा जपून वापरतं आणि गेलेलं वजन परत मागतं. हा इच्छाशक्तीचा पराभव नव्हे. कुणाला ही शस्त्रक्रिया द्यावी याचे वैद्यकीय निकष 1991 पासून लिहिलेले आहेत आणि 2022 मध्ये ते सुधारलेही गेले. कुणाच्या लहरीवर चाललेला हा प्रकार नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पटतंय मॅडम," म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात आवाज पुन्हा तिथेच खाली गेला. माहितीने भीती कमी होते, लाज सहसा होत नाही. हे मला ठाऊक असूनही मी घाई केली होती.

म्हणून मी वाट बदलली. "रुजू व्हायच्या दिवसाचं वेळापत्रक लिहून आणा," एवढंच सांगितलं.

त्यांनी आणलं. रेघा आखलेला, नीटनेटका कागद. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात, महिनाअखेरीची कामं, दोन सहकाऱ्यांचे राहिलेले ताळमेळ. जेवण: दहा मिनिटं.

"घोट घोट पाणी प्यायची वेळ कुठाय?"

"बसेल कुठेतरी."

"जेवायला वीस ते तीस मिनिटं सांगितलीयत ना?"

"मॅडम, पाच आठवडे रजा काढलीय. ती भरून नको काढायला?"

मी कागद खाली ठेवला. "पूर्वी रजा काढत नव्हता, तेव्हा काय भरून काढत होतात?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला फार उशिरा जमायला लागलं, पण आता जमतं. मग त्या खुर्चीबद्दल बोलल्या. मीटिंगच्या खोलीत सगळ्या खुर्च्यांना हात आहेत. हातांची खुर्ची काचते, उठताना कधीकधी अंगाबरोबर वर येते. म्हणून त्या मीटिंगच्या आधी पंधरा मिनिटं जायच्या, बिनहातांची एक खुर्ची शेजारच्या खोलीतून आणायच्या आणि कोपऱ्यात लावून बसायच्या. अठरा वर्षं. कुणाचं काम अडलं की पहिला हात यांचा वर. कुणाच्या चुका निस्तरायच्या असल्या की या थांबायच्या.

आणि मग त्या जे म्हणाल्या, ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. "मी जागा जास्त घेते ना, मग कामही जास्त द्यायला पाहिजे."

त्या क्षणी माझ्या मनातली सगळी मांडणी बदलली. मी 'शॉर्टकट'ला मूळ समजत होते, ती फांदी होती. मूळ होतं हे कर्ज. ऑफिसात आपण असण्याबद्दलच त्या अठरा वर्षं काहीतरी फेडत होत्या. शस्त्रक्रियेने जठर लहान झालं, कर्जाचा आकडा मात्र रजेमुळे वाढला होता.

"हे कर्ज तुम्हाला दिलं कुणी? काही कागद आहे?" मी विचारलं.

"कागद कसला?"

"तुमच्या वहीत एखादी नोंद असेल आणि तिचं व्हाउचरच नसेल, तर तुम्ही काय करता?"

त्या पहिल्यांदा ताठ बसल्या. हा त्यांचा प्रांत होता. "तपासते. कशालाच लागत नसेल तर काढावी लागते."

"खोडून टाकता?"

"नाही, खाडाखोड चालत नाही. उलट नोंद घालावी लागते. जुनी दिसत राहते, पण तिचा परिणाम शून्य होतो."

आणि त्या स्वतःच थांबल्या. मग हसल्या, डोळे भरलेले होते. मी एक शब्दही जोडला नाही. जोडायचा मोह फार झाला होता. इतक्या वर्षांच्या कामात ऐकलेल्या उत्तम वाक्यांपैकी हे एक आहे आणि ते माझं नाही, याचाच मला आनंद आहे. 'मी ओझं आहे' ही जुनी समजूत मनातून पुसून टाकायची, असा आग्रह मीही पूर्वी धरायचे. ती पुसली जात नाही. तिच्यासमोर रोज एक उलट नोंद घालता येते, आणि ती नोंद कृतीचीच असावी लागते.

उरलेल्या भेटीत वेळापत्रक पुन्हा लिहिलं. जेवणाचा अर्धा तास कॅलेंडरवर मीटिंगसारखा अडवून ठेवला. जेवताना पाणी नाही, नंतर अर्ध्या तासाने. बाटली टेबलावर, कपाटात नाही, कारण दिवसाचं किमान दीड लिटर घोटाघोटानेच पोटात जाणार. जमल्यास पहिला आठवडा अर्धा दिवस. आठवड्याच्या मध्यावर रुजू व्हावं असं मी नेहमी सुचवते, म्हणजे दोन-तीन दिवसांत सुट्टी येते. थकवा येतोच, खाणंच इतकं कमी असतं. तो आळस समजू नये.

आणखी एक, हे माझं आग्रहाचं सांगणं: ऑफिसातल्या निदान एका विश्वासू माणसाला खरं काय ते ठाऊक असू द्यावं. चक्कर आली तर कुणाला तरी कळायला हवं. गोड खाल्ल्यावर काहींना, विशेषतः जठराचा बायपास (वजन कमी करण्याचीच दुसरी शस्त्रक्रिया, यात अन्नाची वाट वळवतात) झालेल्यांना, अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळा असा त्रास होतो. वाढदिवसाच्या केकला "आत्ता नको" एवढं उत्तर पुरतं, कारणं देत बसू नये. डोकं दुखतंय म्हणून शेजाऱ्याच्या ड्रॉवरमधली वेदनाशामक गोळी घेऊ नये, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी जठरात व्रण होण्याचा धोका असतो. पाणीही पोटात टिकत नसेल, दम लागत असेल, पोटरी सुजून दुखत असेल किंवा धडधड थांबत नसेल, तर 'आजचं काम संपवून जाते' असं म्हणू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

पार्ट्यांबद्दलही बोलायला हवं. विक्री विभागातले एक गृहस्थ पूर्वी सगळ्यांना हसवायचे आणि सगळ्यांपेक्षा जास्त खायचे. बायपासनंतर ताटात काही उरलं नाही, म्हणून हातात ग्लास आला. या शस्त्रक्रियेनंतर दारू रक्तात लवकर आणि जास्त चढते, आणि काहींना पुढच्या काही वर्षांत तिचं व्यसन लागतं. ते वेळेत आले, सावरले.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागले की पुष्कळजण घाबरून फोन करतात. ते बहुधा तात्पुरतं असतं, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं नीट घेतली की केस परत येतात. मला जास्त काळजी वाटते ती कौतुकाची. "किती छान दिसायला लागलीस!" ऐकून आनंद होतो आणि रागही येतो. मग इतकी वर्षं मी कोण होते? हा राग रास्त आहे. तो कुणाजवळ तरी बोलावा. मन आठवडेच्या आठवडे खाली राहिलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर थांबू नका, त्याच दिवशी मदत मागा. वजन उतरत असतानाही असं होऊ शकतं.

रुजू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात बाई आल्या. पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला होता, "कुठे होतीस इतके दिवस?" त्यांनी ठरलेलं वाक्य म्हटलं. समोरून उत्तर आलं, "काळजी घे गं. आणि ती बिलांची फाइल कुठे ठेवलीयस?"

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. मी पाच आठवडे झोपले नव्हते त्याच्यासाठी."

मीटिंगही झाली होती. वजन थोडं उतरलं असलं तरी हातांच्या खुर्चीचा प्रयोग त्यांनी केला नाही, आणि मी तो सुचवलाही नव्हता. त्या वेळेवर गेल्या, पंधरा मिनिटं आधी नाही. नेहमीची बिनहातांची खुर्ची सगळ्यांच्या देखत आणली आणि कोपऱ्यात न नेता टेबलाला लावली. दोघांना जरा सरकावं लागलं. ते सरकले.

जेवायला अट्ठावीस मिनिटं लागली, हे मात्र त्यांनी मला दोनदा सांगितलं.