गरम झाली की रेस उतरत नाही

प्रश्न : वडिलांची १९९८ ची हिरो होंडा स्प्लेंडर मी अजून वापरतो. रोज तासगावहून सांगलीला कामाला जातो. सकाळी चोक दिल्याशिवाय गाडी सुरू होत नाही आणि चोक काढला की बंद पडते. सांगलीत पोचेपर्यंत मात्र उलटं होतं. सिग्नलला क्लच दाबला तरी रेस वरच राहते, मग सावकाश खाली येते. एका मेकॅनिकनं रेसचा स्क्रू कमी करून दिला, तर सकाळी गाडी टिकेनाच. दुसरा म्हणतो, कार्बोरेटरच बदला. वडील आता नाहीत. त्यांच्या गाडीचा एकही भाग उगाच बदलायला मन होत नाही. काय करू?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : कार्बोरेटर बदलू नका. इंजिन थंड असताना बंद पडणं आणि तापल्यावर रेस न उतरणं ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं आहेत. तुमची गाडी बहुतेक कुठून तरी हवा ओढतेय.

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्यात चोरवाटेनं हवा आली की कार्बोरेटरनं केलेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण इतकं पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल इतकं कमी पडतं, की पेटतच नाही, म्हणून हवा अडवणारा चोक लागतो. इंजिन तापलं की तेच मिश्रण पेटायला लागतं, आणि जास्तीची हवा तर येतच असते. मग तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला तरी इंजिन तो थोडा पिळून धरल्यासारखं पळतं. स्क्रू फिरवून ही चोरवाट बुजत नाही.

हे मी एका दूधवाल्याच्या हिरो होंडा सीडी १०० वर शिकलो. मिरजेत गॅरेजवर कामाला लागून वर्षही झालं नव्हतं. रेस वाढते म्हणून तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी स्क्रू कमी करून त्याला पाठवला. चौथ्या दिवशी पहाटे चढावर गाडी बंद पडली, कॅन आडवा झाला, दूध रस्त्यावर. तो मला एका शब्दानंही बोलला नाही. उस्तादांनी कार्बोरेटर खोलून आतली ओ-रिंग, म्हणजे सांधा हवाबंद करणारी गोल रबरी रिंग, माझ्या तळहातावर ठेवली. चपटी आणि कडक झाली होती, नखानं दाबली तर तुकडा पडला. त्या दुधाचं वाईट मला आजही वाटतं, म्हणून तुमच्या पत्राला एवढं सविस्तर लिहितोय.

आधी केबल बघा, त्याला पाना लागत नाही. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हॅंडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. रेस बदलली तर केबल ताणली जातेय. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ दोन ते सहा मिलिमीटर मोकळी फिरली पाहिजे.

केबल ठीक असेल तर इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीच्या) सांध्यावर फवाऱ्याच्या बाटलीनं थोडं साधं पाणी मारा. रेस क्षणभर डगमगली तर हवा तिथूनच जातेय. काही जण इथे पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल कधीही, कुणालाही शिंपडू देऊ नका.

आता पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर उतरवा. त्याच्या फ्लॅंजच्या, म्हणजे सांध्यावर टेकणाऱ्या सपाट तोंडाच्या, खाचेत ओ-रिंग दिसेल. चांगली रिंग खाचेच्या वर थोडी उठलेली असते आणि बोटाला मऊ लागते. खाचेच्या पातळीला बसली असेल तर तिचं काम संपलं. सांध्याच्या मधल्या काळ्या इन्सुलेटरच्या (उष्णता अडवणाऱ्या तुकड्याच्या) रिंगाही त्याच वेळी बदला, किरकोळ खर्च आहे. मग फ्लॅंजवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. वर्षानुवर्षं कुणी ना कुणी नट दणकून आवळलेले असतात, त्यानं फ्लॅंजचे कान वाकतात आणि पट्टीखालून मधे उजेड दिसतो. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लॅंज हलक्या हातानं, सगळीकडून सारखी घासा, ती सपाट होते. बसवताना दोन्ही नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा.

स्लाइड, म्हणजे केबलनं वरखाली होणारा कार्बोरेटरमधला दट्ट्या, घालताना जपा. तिचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला यायला हवा. उलटी बसली तर किक मारताच इंजिन बोंब मारतं. स्लो जेटमध्ये (कमी रेसला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीत) तार घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरे.

रेस लावायची ती दहा-पंधरा मिनिटं चालवून आणल्यावर, चोक काढून. आयडलिंग, म्हणजे मूठ सोडल्यावरची रेस, मिनिटाला चौदाशे फेऱ्यांच्या आसपास हवं, पण तुमच्या गाडीला फेऱ्या दाखवणारा आरपीएमचा काटा नाही, तेव्हा कानानंच लावायचं. ठोके एकसारखे पडले पाहिजेत आणि मूठ सोडताच रेस झटकन खाली आली पाहिजे. वडिलांचा कार्बोरेटर वडिलांच्याच गाडीवर राहील असं मला वाटतं.

प्रश्न : माझ्या यामाहा आरएक्स १०० ची रेस चालवता चालवता आपोआप चढते. हेच उपाय करू का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवूच नका. तुमच्या गाडीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनानं चोरवाटेनं हवा ओढली तर पिस्टन तापून जॅम होतो, आणि धावत्या गाडीचं मागचं चाक अडकतं. कार्बोरेटरचा सांधा बघाच, पण मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचं क्रॅंकचं सील, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीची हवाबंद रबरी रिंग, आधी तपासून घ्या. ते गेलं तर धूर येत नाही, म्हणून लवकर कळत नाही. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल ओढलं जातं आणि पांढरा धूर दिसतो.

उभ्या गाडीची रेस चढली आणि चावी बंद करूनही इंजिन थांबलं नाही, तर चोक ओढा. तरी थांबलं नाही तर वरचा गिअर टाका, दोन्ही ब्रेक घट्ट धरा आणि क्लच सोडा.